साहेबाची पत आणि सुएझचं पाणी

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हा हा लेख म्हणजे विद्वानाचं प्रवचन नव्हे. रातपाळी करणाऱ्या एका कामगाराने सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसून जे वाचलं, वहीत उतरवलं, तेच तुमच्यापुढे ठेवतोय. कुठं चुकलं असेल तर सांगा, भांडा. पण वाचा.

आमच्याकडे बारीक काउंटचं सूत काढायचं असलं की इजिप्तचा कापूस येतो. लांब धाग्याचा, हाताला रेशमासारखा लागणारा. गासडीवर शिक्का असतो. मार्च २०२१ मध्ये या गासड्या आल्याच नाहीत. मी तेव्हा बदलीवर होतो. जॉबर म्हणाला, "कापूस समुद्रात अडकलाय, आठ दिवस येऊ नको." बदलीवाल्याला आठ दिवस म्हणजे आठ दिवसांची चूल. मी चिडून विचारलं, समुद्रात कापूस अडकतो कसा? तो म्हणाला, "कुठंतरी कालव्यात जहाज आडवं पडलंय म्हणे."

ते खरंच होतं. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन नावाचं चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं रुतलं आणि २९ मार्चपर्यंत तसंच राहिलं. पुढेमागे चारशेच्या आसपास जहाजं खोळंबली. जहाजाचा मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, वर झेंडा पनामाचा. आणि आत राबणारे खलाशी? पंचवीसच्या पंचवीस भारतीय! जहाज निघालं, पण इजिप्तने नुकसानभरपाईसाठी ते जुलैपर्यंत अडकवून ठेवलं. दावा मालकावर, अडकलं जहाज, आणि जहाजाबरोबर अडकले खलाशी.

घरी बसून हे वाचत होतो तेव्हा डोक्यात एक किडा शिरला. दूरच्या वाळवंटातल्या त्या पाण्याच्या चरावर माझी आठ दिवसांची मजुरी टांगलेली असते, तर तो चर खणला कोणी? त्याचा धनी कोण होता? आणि तो धनी गेला कसा? या तीन प्रश्नांच्या मागे लागलो आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याच्या मयतीपर्यंत पोचलो.

वेठ

१८५४ साली इजिप्तचा सत्ताधीश सईद याने फर्डिनांड द लेसेप्स या फ्रेंच माणसाला कालवा खणायचा परवाना दिला. त्याच साली मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. म्हणजे आपली गिरणी आणि तो कालवा, दोघं एका वर्षाचे. परवान्याची मुदत कालवा उघडल्यापासून ९९ वर्षं. हा ९९ चा आकडा ध्यानात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

२५ एप्रिल १८५९ ला खणायला सुरुवात झाली. पण वाळवंटात माणसं आणायची कुठून? सोपं होतं. सरकारने गावोगाव हुकूम सोडला. फेल्लाह म्हणजे इजिप्तचा गरीब शेतकरी. त्याला घरातून उचलायचं, कालव्यावर नेऊन सोडायचं. एका वेळी वीस हजार माणसं खणतीवर. एक तुकडी परत निघाली की दुसरी तिकडे निघालेली. मजुरी नावाला, पाण्याची मारामार, टोपलीने आणि कित्येकदा नुसत्या हाताने माती उपसायची. याला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगायला नको. वेठ हा शब्द आपल्याला शब्दकोशात शोधावा लागत नाही, तो आपल्या आज्या-पणज्याच्या पाठीवर लिहिलेला आहे. गावाचं कुठलंही काम निघालं की आधी हाक कोणाला पडायची? वतनाच्या नावाखाली कोण राबायचं? तेच तिथं. नाव वेगळं, पाठ तीच.

किती मेले? नासर यांनी १९५६ च्या भाषणात १ लाख २० हजार असा आकडा सांगितला. इतिहासकार त्यावर भांडतात, इतके नव्हते म्हणतात. भांडू देत. भांडायचं कारण एवढंच, की मेलेल्यांची धड नोंद ठेवायची गरज कंपनीला वाटली नाही. कंपनीच्या वहीत टोपल्या मोजल्या जातात, माणसं मोजली जात नाहीत.

आता पुढचं ऐका. १८६३ मध्ये सईदच्या जागी इस्माईल आला. त्याला ही वेठ नको होती. त्यात माणुसकी किती होती सांगता येत नाही. कापसाला भाव चढला होता, शेतावर हात हवे होते. इंग्लंडलाही फ्रेंचांचा कालवा नको होता म्हणून त्यांनाही अचानक फेल्लाहचा कळवळा आला होता. कंपनी म्हणाली, वेठीचे मजूर हा आमचा करारातला हक्क आहे, तो काढता तर भरपाई द्या. लवाद कोण? फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन! त्याने १८६४ साली निवाडा दिला. इजिप्तने कंपनीला एकूण ८ कोटी ४० लाख फ्रँक द्यावेत. त्यातले ३ कोटी ८० लाख कशाचे? वेठ बंद केल्याचे!

मी हे तीनदा वाचलं. वाटलं छापायची चूक असेल. चूक नव्हती. ज्यांनी वेठ केली त्यांना भरपाई नाही. ज्यांनी करवून घेतली त्यांना मिळाली, कारण आता फुकटची माणसं मिळणार नाहीत म्हणून त्यांचं नुकसान झालं! मित्रांनो, साम्राज्य म्हणजे तोफा नव्हेत. तोफा नंतर येतात. साम्राज्य म्हणजे हा हिशोब.

कर्ज आणि कब्जा

१७ नोव्हेंबर १८६९ ला कालवा उघडला. राजेरजवाडे, मेजवान्या, दारूकाम. मुंबई ते लंडन हा समुद्रमार्ग चार हजारांहून जास्त मैलांनी कमी झाला. मुंबई बंदराचं नशीब उजळलं ते त्यानंतर. याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा मुंबई आणि इजिप्त दोन्हीकडे पैशाचा पाऊस पडला होता. मुंबईच्या शेठजींनी शेअरच्या जुगारात तो १८६५ ला घालवला. इस्माईलने महाल बांधले, रेल्वे घातल्या, कालवे काढले, आणि भाव कोसळल्यावर युरोपच्या सावकारांकडे हात पसरला.

सावकारी कशी चालते ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आधी गोड बोलून कर्ज, मग व्याजासाठी कर्ज, मग सातबारा. १८७५ साली इस्माईलने आपले १ लाख ७६ हजार ६०२ शेअर विकायला काढले. इंग्लंडचा पंतप्रधान डिझरायली याने रॉथशिल्डच्या पेढीतून पैसे उचलले आणि सुमारे ४० लाख पौंडांना ते घेतले. खणला इजिप्तने आणि ४४ टक्के मालक झाला इंग्रज. इजिप्तकडे निव्वळ नफ्यातले १५ टक्के घ्यायचा हक्क तेवढा उरला होता. १८८० मध्ये तोही गेला. आता आपल्याच जमिनीवरच्या पाण्याकडे नुसतं बघत बसायचं.

१८८१-८२ मध्ये अहमद उराबी हा शेतकऱ्याच्या पोटचा लष्करी अधिकारी उठला. इंग्रजांनी ११ जुलै १८८२ ला अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, १३ सप्टेंबरला तेल-अल-केबीरच्या लढाईत त्याला मोडलं आणि देश ताब्यात घेतला. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणी होत्या. १९१५ मध्ये तुर्कांनी कालव्यावर चाल केली तेव्हाही खंदकात हिंदी शिपाई होते. एका गुलामाच्या हातून दुसऱ्याच्या दारावर पहारा! इंग्रज तेव्हा म्हणाला होता, आम्ही थोड्याच दिवसांसाठी आलोय. ते थोडे दिवस म्हणजे ७४ वर्षं.

आतून पोखरलेला वाडा

आपल्याकडे शाळेत शिकवतात की इंग्रज गेला तो अमक्याच्या सत्याग्रहाने नि तमक्याच्या बलिदानाने. लोक लढले, मेले, ते खोटं नाही. पण पुस्तकात एक पान कायम गायब असतं. ते म्हणजे साहेबाच्या तिजोरीचं पान.

दुसरं महायुद्ध इंग्लंड जिंकलं, पण दिवाळं काढून. युद्धाच्या अखेरीस खुद्द हिंदुस्थानचंच त्याच्याकडे शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं झालं होतं. दीडशे वर्षांचा सावकार कुळाचा देणेकरी झाला. १९४६ मध्ये अमेरिकेने ३७५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं तेव्हा लंडनचा संसार चालला. फेब्रुवारी १९४७ मध्ये इंग्लंडने अमेरिकेला कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानचा खर्च आता आम्हाला झेपत नाही. त्यातूनच मार्चमध्ये ट्रूमनने जाहीर केलं की ती जबाबदारी आता अमेरिका घेईल. ऑगस्टमध्ये हिंदुस्थान सोडला. १९४९ मध्ये पौंडाचा भाव ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. वाडा बाहेरून उभा होता, वासे आतून पोखरले होते.

गंमत बघा. सुएझ कशासाठी लागत होता? हिंदुस्थानला जायला. हिंदुस्थान तर गेला. तरीही १९५० नंतर कालव्याच्या पट्ट्यात इंग्रजांचे ८० हजारांच्या आसपास सैनिक होते. १९३६ च्या तहात मुभा होती दहा हजारांची. बंगला विकून टाकला आणि फाटकावर रखवालदार तसाच उभा! का? एक तर आता कालव्यातून इराण-अरबस्तानचं तेल जायचं. आणि दुसरं म्हणजे मिजास. पाटीलकी गेली तरी मिशीचा पीळ जायला दोन पिढ्या लागतात.

२५ जानेवारी १९५२ ला इस्माईलिया गावात इंग्रज फौजेने इजिप्शियन पोलिसांच्या ठाण्यावर रणगाडे घातले. पन्नासच्या आसपास पोलीस मेले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं. २३ जुलै १९५२ ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकला हाकललं. त्यांच्यातला म्होरक्या होता गमाल अब्दुल नासर, पोस्टातल्या कारकुनाचा पोरगा. १९५४ च्या कराराप्रमाणे जून १९५६ मध्ये शेवटचा इंग्रज सैनिक कालव्यावरून गेला. सैनिक गेला, कंपनी राहिली.

"त्यांना जमणार नाही"

नासरना आस्वानला नाईल नदीवर मोठं धरण बांधायचं होतं. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिका, इंग्लंड आणि जागतिक बँकेने पैसे देऊ केले. पण हा माणूस झेकोस्लोव्हाकियाकडून शस्त्रं घेतो, लाल चीनला मान्यता देतो, बगदाद कराराला शिव्या घालतो. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेच्या डलेसने देऊ केलेले पैसे मागे घेतले. बरोबर एका आठवड्याने, २६ जुलैला, अलेक्झांड्रियाच्या चौकात नासर बोलायला उभे राहिले. भाषणात 'लेसेप्स' हे नाव आलं की ती खूण होती. ते नाव कानावर पडताच महमूद युनूस यांची माणसं कंपनीच्या कचेऱ्यांत शिरली आणि कालवा इजिप्तचा झाला.

युरोपात आरडाओरडा सुरू झाला. सगळ्यात मोठा मुद्दा कोणता होता माहीत आहे? हे लोक कालवा चालवूच शकणार नाहीत! जहाज कालव्यातून नेणारा पायलट म्हणजे मोठा कसबी माणूस, ते गोऱ्याचंच काम, यांची ती कुवत नाही. सप्टेंबरच्या मध्यावर युरोपियन पायलट कामं सोडून निघून गेले. कंपनीला खात्री होती, उद्या कालवा बंद पडणार.

बंद पडला नाही. इजिप्शियन पायलट होते, बरेचसे ग्रीक पायलट थांबले होते, काही इतर देशांतून आले. दिवसरात्र पाळ्या ओढून त्यांनी जहाजांच्या रांगा नेहमीसारख्या पार नेल्या. वर्षानुवर्षं ज्याला कुवत म्हणून मिरवलं, ती एका आठवड्यात उघडी पडली.

इथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. "यांना जमणार नाही" हे वाक्य मी कुठं ऐकलंय? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडाचा विटाळ व्हायचा. विणाईत पगार जास्त. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. आधी खात्यात घ्यायचं नाही, शिकू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं यांना कसब नाही. गुणवत्तेचं हे कुलूप लंडनमध्ये बनलेलं असो नाहीतर परळला, किल्ली एकाच खिशात असते.

नऊ दिवसांचं युद्ध

१९५६ म्हटलं की आपल्याला १४ ऑक्टोबर आठवतो, ६ डिसेंबर आठवतो. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत सुएझचं युद्ध झालं. आपण आपल्या जगात होतो, आणि त्याच वेळी तिकडे एक जग बुडत होतं.

२२ ते २४ ऑक्टोबर या दिवसांत पॅरिसजवळच्या सेव्र गावात एका घरात इंग्लंड, फ्रान्स आणि इस्राएलची माणसं गुपचूप बसली. ठरलं असं की इस्राएलने सिनाईत घुसायचं, मग इंग्लंड-फ्रान्सने पंच असल्याचा आव आणून दोघांना म्हणायचं कालव्यापासून दूर व्हा, आणि इजिप्तने नाही म्हटलं की कालवा ताब्यात घ्यायचा. म्हणजे गावात भांडण लावायचं आणि सोडवायला म्हणून घरात शिरायचं. इंग्लंडचा पंतप्रधान ईडन याने या कराराचे कागद नष्ट करायला माणूस धाडला. पण इस्राएलची प्रत राहिली आणि पाप उघड्यावर आलं.

२९ ऑक्टोबरला इस्राएल घुसलं. ३१ पासून इंग्रज-फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. ५ नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक उतरले, ६ ला जहाजांवरून फौज पोर्ट सैदला उतरली. इजिप्तने जहाजं बुडवून कालवाच बंद करून टाकला. ज्या पाण्यासाठी युद्ध, ते पाणीच बंद! सिरियात तेलाच्या नळावरची पंपकेंद्रं उडवली गेली. युरोपला तेल कमी पडायला लागलं.

लढाईत इंग्रज हरत नव्हता. पोर्ट सैद त्याच्या हातात होतं. पण ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री त्याने लढाई थांबवली. का? कारण लंडनमधून डॉलर वाहून चालले होते. पौंडावरचा भरवसा उडाला, लोक पौंड विकायला लागले. नोव्हेंबरच्या एका महिन्यात इंग्लंडच्या गंगाजळीतून सुमारे २८ कोटी डॉलर गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरायचा तर तिथं अमेरिका बसलेली. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरने सांगितलं, आधी फौज मागे घ्या, मग पैशाचं बोलू. तेलाचंही तेच. ज्या मित्राच्या जिवावर सगळं चाललं होतं त्यानेच पिशवीचं तोंड आवळलं.

२२ डिसेंबरला शेवटचे इंग्रज-फ्रेंच सैनिक पोर्ट सैदहून गेले. त्याआधी, १० डिसेंबरला, नाणेनिधीने इंग्लंडला १३० कोटी डॉलरची सोय करून दिली होती. ९ जानेवारी १९५७ ला ईडनने राजीनामा दिला. १८६४ मध्ये हिशोबाच्या वहीने इजिप्तला बांधलं होतं. १९५६ मध्ये तशाच वहीने साहेबाला बांधलं. फरक एवढाच की वही आता वॉशिंग्टनमध्ये होती.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. २ नोव्हेंबरला राष्ट्रसंघाच्या आमसभेत युद्ध थांबवा असा ठराव ६४ विरुद्ध ५ मतांनी झाला. कालपरवा गुलाम असलेले देश तिथं हात वर करून मोजले गेले. ऑगस्टमधल्या लंडन परिषदेत भारताच्या कृष्ण मेनन यांनी इजिप्तची बाजू मांडली होती. नंतर राष्ट्रसंघाची शांतिसेना तिथं गेली, त्यात भारतीय सैनिक होते. या वेळी ते मालकाचा पहारा करायला गेले नव्हते.

एकच आठवडा, दोन शहरं

पण भाबडे होऊ नका. ४ नोव्हेंबरला, पोर्ट सैद जळायच्या आदल्या दिवशी, रशियाचे रणगाडे हंगेरीत बुडापेस्टमध्ये शिरले. तिथल्या कामगारांनी कारखान्यांत स्वतःच्या समित्या उभारल्या होत्या, त्या चिरडल्या. आणि दुसऱ्याच दिवशी मॉस्कोचा बुल्गानिन लंडन-पॅरिसला रॉकेटची धमकी देऊन इजिप्तच्या स्वातंत्र्याचा कैवार घेतो! अमेरिकाही संत नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, इराणच्या मोसादेकने तेल देशाच्या मालकीचं केलं म्हणून त्याला इंग्लंडबरोबर तिनेच उलथवलं होतं. आणि आपलं सरकार? सुएझवर कडक बोललं, हंगेरीवरच्या ४ नोव्हेंबरच्या ठरावावर तटस्थ राहिलं.

म्हणून म्हणतो, कुठल्याही राजधानीच्या नावाने जयजयकार करायची सवय सोडा. ५ जानेवारी १९५७ ला, ईडन जायच्या चार दिवस आधी, आयसेनहॉवरने मध्यपूर्वेसाठी आपलं नवं धोरण मांडलं. जुलै १९५८ मध्ये अमेरिकन सैनिक बैरूतच्या किनाऱ्यावर उतरले. खुर्ची रिकामी राहत नसते.

इंग्लंडची घसरण मात्र थांबली नाही. मार्च १९५७ मध्ये घाना सुटला. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. नोव्हेंबर १९६७ ला पौंड पुन्हा पडला आणि जानेवारी १९६८ मध्ये विल्सन सरकारने जाहीर केलं की सुएझच्या पूर्वेचे तळ आम्ही गुंडाळतो. जुन्या परवान्याची ९९ वर्षं त्याच साली संपणार होती!

दोन नावं

इथं लेख संपवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. साम्राज्य मेलं, गरिबाचा पोरगा जिंकला. पण मी गिरणीतला माणूस. मला एक पान मागे जावं लागतं.

कफ्र अद-दव्वार हे अलेक्झांड्रियाजवळचं गिरणगाव. बँक मिसर या देशी भांडवलाच्या गटाची तिथं मोठी कापड गिरणी. स्वदेशी म्हणून तिचा अभिमान बाळगावा अशी. राजा गेल्याला तीन आठवडे झाले होते. १२ ऑगस्ट १९५२ च्या रात्री तिथल्या कामगारांनी संप केला. मागण्या काय? छळणारे अधिकारी काढा, आमची युनियन आम्हाला निवडू द्या, पगाराचं बघा. नव्या लष्करी सरकारच्या नावाने ते जयजयकार करत होते. त्यांना वाटलं, आता आपलं राज्य आलं. दगडफेक झाली, आग लागली, गोळीबार झाला, माणसं मेली. सैन्य आलं. लष्करी कोर्टाने घाईघाईत खटला चालवला. ७ सप्टेंबर १९५२ ला दोघा तरुण कामगारांना फाशी दिलं. मुस्तफा खमीस आणि मुहम्मद अल-बकरी. सरकारातल्या काहींचा फाशीला विरोध होता असं म्हणतात. पण दोर तर आवळला गेला.

ज्या सरकारने चार वर्षांनी जगातल्या दोन साम्राज्यांसमोर छाती काढली, त्याच सरकारने आधी दोन गिरणी कामगार लटकवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

आणखी एक. आस्वानचं धरण १९६० ते १९७० मध्ये रशियाच्या मदतीने उभं राहिलं. वीज आली, पाणी आलं. त्या पाण्याखाली न्युबियन लोकांची गावं गेली. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख काळी माणसं उठवली गेली. आणि १९५८ मध्ये तडजोड झाली तेव्हा कालवा कंपनीच्या भागधारकांना २ कोटी ८३ लाख इजिप्शियन पौंड भरपाई मिळाली. हप्त्याने, पण पुरती फेडली. वेठीत मेलेल्यांच्या नातवंडांना? भरपाईचा पैसा नेहमी वरच्या अंगाला वाहतो, मग झेंडा कुठलाही असो.

आणि ते ९९ चं काय? हिंदी महासागरात शागोस बेटं आहेत. तिथं नारळाच्या मळ्यांत राबणारे लोक आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि भारतातून नेलेल्या गिरमिट्यांचे वंशज. १९६८ ते १९७३ या काळात इंग्लंडने त्या सगळ्यांना बेटांवरून हाकललं, कारण दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. एकीकडे 'सुएझच्या पूर्वेकडून जातो' असं जाहीर करायचं आणि दुसरीकडे हे. २२ मे २०२५ ला इंग्लंडने बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. तळ मात्र भाडेपट्ट्याने ठेवला. मुदत किती? ९९ वर्षं! ज्यांची बेटं, त्यांना त्या वाटाघाटीत खुर्ची नव्हती.

तर आपण काय घ्यायचं यातून? मला तीन गोष्टी दिसतात. एक, कुठलीही सत्ता पाझर फुटून जात नाही. तिचा हिशोब जुळेनासा होतो आणि खालची माणसं उठलेली असतात, तेव्हा ती जाते. म्हणून घोषणा द्या, पण ताळेबंदही वाचायला शिका. दोन, ती जाईल त्या दिवशी आपले पायलट तयार हवेत. इजिप्तकडे तेवढी तरी माणसं होती म्हणून कालवा चालला. आपल्यात किती जण कायदा, हिशोब, यंत्र चालवू शकतात? तीन, नवा धनी आला की पहिल्या दिवशी विचारा, वेठ कोणाची आणि भरपाई कोणाला.

आजही गासडी फोडताना त्या शिक्क्याकडे बघतो. तो कापूस वेचणारा फेल्लाह मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. मधे ते पाणी आहे. पुढच्या अभ्यासवर्गात सुएझचा विषय निघाला तर नासर यांचं नाव जरूर घ्या, त्यांनी ते कमावलंय. पण त्यांच्याआधी खमीस आणि बकरी ही दोन नावं फळ्यावर लिहा. ती आपल्या खात्यातली माणसं होती.